पडलं की पाडलं

मानोरा
दि. ८ जुलै २०२५

चि. सौ. वैभवीस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुमच्याकडेही ठीकच असणार. काही बिनसलं तर तू कळवतेस आणि काही फार चांगलं झालं तर लपवतेस, हे मला परवा बाजारात कळलं.

फोनच करणार होते. पण तुझा फोन तुझ्या सासूबाईंच्या, लिलाबाईंच्या हातात आणि माझा सासूबाईंच्या उशाशी, आणि दोघींनाही स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही. बाबांनी चाळीस वर्षं किन्हीराजात टपाल वाटलं आणि आपल्याला एक नियम घालून दिला, कामाचं फोनवर आणि मनातलं पत्रात. तर हे मनातलं आहे. पाणी पिऊन वाच.

मी भेंडी निवडत होते. शेजारच्या दुकानावर तुझ्या सासूबाई चिंच घेत होत्या. मी आपली थट्टेनं विचारलं की एवढी चिंच कोणाला लागते हो, तर हसत म्हणाल्या की तुले मालूम नाही का वं, वैभवी दोन जीवाची हाय, दुसरा महिना चालू हाय. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाजवळ बोललो. चेहराच उतरला त्यांचा. हातातली चिंच त्यांनी पटकन पिशवीत घातली आणि वरून पदर ओढला.

वैभवी, चिंच झाकली गं त्यांनी. माझ्यापासून.

माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि तुझ्या लग्नाला दहा महिने. माझं दोनदा पोट पडलं ते तुला ठाऊक आहे, दोन्ही वेळा तूच माझे केस विंचरून दिले होतेस. मी उपास केले, अंगारे लावले, कोणी सांगेल तो पाला वाटून प्यायले. तू काय केलंस? पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यानं धावलीस. आणि देव धावणाऱ्याला पावला. लहानपणापासून तुझं असंच आहे. मी झाड हलवायचं आणि बोरं तुझ्या ओच्यात पडायची.

हो, जळले. रात्रीची भाकरी ताटात तशीच राहिली. हे म्हणाले की सपना, आनंदाची गोष्ट आहे. मी म्हटलं आहेच, पण ती मला बाजारात का कळावी? परक्या बाईच्या तोंडून? तू मला सांगितलं असतंस तर मी आधी जळले असते आणि मग तुझ्यासाठी चिंचेचं सारही केलं असतं. आता नुसती जळतेय.

आणि भरतीचं काय? पोट घेऊन आठशे मीटर पळणार आहेस का? असो. जड उचलू नकोस. लोभ आहेच, सध्या तेवढा आंबट झाला आहे.

तुझी,
सपनाताई


इंझोरी
दि. १५ जुलै २०२५

ती. सौ. ताईस,
वैभवीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, पाणी पिऊनच वाचलं. माझी चूक झाली. पण ऐकून तर घे.

तीन महिने पुरे होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही ही रीत तुलाही माहीत आहे. आणि आईनं बजावलं होतं की सपनीले इतक्यात सांगू नको, ते जीव जाळून घेईन. मी दोनदा तुला पत्र लिहायला बसले आणि दोनदा फाडलं. काय लिहू तेच सुचेना. आनंदात लिहावं तर तुला टोचेल आणि रडत लिहावं तर खोटं होईल. मग तिसरा महिना येऊ दे म्हटलं. तोवर आमच्या सासूबाईंनी चिंच घेतली.

आणि ताई, जळणं काय तुझ्या एकटीच्या मालकीचं आहे का? मी पण तुझ्यावर जळते. भाऊजी दोरीवरचे कपडे काढतात, घड्या घालतात, तुझा चहा तुझ्या हातात आणून देतात. आमच्याकडे अनुप स्वतःचा टॉवेल सापडला नाही तर उभ्या घराला हाक मारतो. चांगला आहे गं, पण आईसमोर त्याच्या तोंडाला कुलूप असतं. तुझ्या बोरांचं मला सांगू नकोस, काटे वेगळे असतात.

एक गोष्ट तुलाच सांगते, आईलाही सांगितली नाही. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी थोडी रडले. फॉर्म भरला होता, पळण्याची वेळ कमी होत आली होती, आणि एकदा मनात आलं की आत्ताच नको होतं. एकदाच आलं. नंतर इतकी लाज वाटली की स्वतःच्या पोटावर हात ठेवून माफी मागितली. वेडी म्हण.

गेल्या सात-आठ दिवसांपासून उलट्या अगदी थांबल्या आहेत. बरं वाटतं. सासूबाई म्हणतात की पोरगा असला का तरास कमीच होते. चोवीस तारखेला वाशीमला सोनोग्राफी आहे, पहिलीच. तू येशील का माझ्यासोबत? अनुप येणारच आहे, पण तो बाहेर बाकावर बसेल. आत कोणीतरी आपलं हवं. जळत जळत ये, पण ये.

भाऊजींना नमस्कार. लोभ आंबट असला तरी पाठवत राहा, सध्या मला तोच चालतो.

तुझी,
वैभू


मानोरा
दि. १ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वैभवीस,
आशीर्वाद.

चोवीसला मी आले नाही, कारण आमच्याकडे पाहुणे होते असं मी फोनवर सांगितलं. पाहुणे नव्हते. मला ते पडद्यावर बघायचं नव्हतं. रात्री अनुपचा फोन आला की ठोके नाहीत, भरती केलंय, आणि पंचवीसला पहिल्या गाडीनं मी वाशीमला पोचले. हे तुला माहीत नसेल, कारण तू झोपली होतीस.

मी तुझ्या खाटेवर बसले होते. अनुप डबा आणायला गेला होता. खाटेखाली पिशवीत तुझी फाईल होती. मी बारावीपर्यंत इंग्रजी शिकले आहे, वैभवी. एक एक अक्षर लावत वाचलं. मिस्ड अबॉर्शन. अबॉर्शन म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको, दवाखान्यांच्या भिंतींवर पाट्या असतात. खाली गोळ्यांची नावं होती. आणि अनुप आल्यावर खाली मान घालून म्हणाला की मेडिकलवाल्यानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं की ह्या गोळ्या कायले पाहिजेत, अशा कोनालेबी देत नाही आमी.

ठोके उगाच थांबत नाहीत, थांबवले असतील, असं मनात आलं आणि मग मला तुझं पत्र आठवलं. आत्ताच नको होतं. तू ते तुझ्या हातानं लिहिलं आहेस आणि ते माझ्या पेटीत आहे.

मैदानाची तारीख जवळ आली असेल, नाही का? खाकी आधी आणि लेकरू नंतर. तुला वाटलं असेल, घाई काय आहे, पुन्हा होईल. तुला होईलच. ज्यांचं मागितल्यावाचून होतं त्यांना टाकून देताना काही वाटत नाही. मी आठ वर्षं रिकामी ओटी घेऊन लोकांच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढायला जाते आणि माझी सख्खी बहीण गोळी गिळून मोकळी होते. हे मी कोणाला सांगू?

सांगितलंच पण. काल बाजारात लिलाबाई भेटल्या. चार बायकांत मोठ्यानं म्हणाल्या की कोनाची नजर लागली त का मालूम, आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौघींनीही पाहिलं. मी गप्प बसायला हवं होतं का? मी म्हटलं की नजरबिजर काही नाही, तिनं पाडलं आहे, कार्डावर लिहिलं आहे, वाचून घ्या कोणाकडून तरी.

मी खोटं बोलले नाही. लोभाचं पुढे पाहू.

सपना


किन्हीराजा
दि. ९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस,
वैभवीचा सा. न. वि. वि.

वरचा पत्ता पाहून कळलंच असेल. मी आई-बाबांकडे आहे. सासूबाईंनी पाठवून दिलं. तुझं बाजारातलं बोलणं झालं त्याच संध्याकाळी त्यांनी अनुपकडून कार्ड वाचून घेतलं. त्यानं तोच शब्द वाचला. त्या म्हणाल्या की हातानं पोट पाडलं हिनं, हिच्या हातचा निवद लक्ष्म्याइले चालत नाही, महालक्ष्म्या उठेपर्यंत तिले तिच्या मायच्या घरी ठेवून दे. त्यानंतरही नेतील की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. अनुपनं मला गाडीवर फाट्यापर्यंत सोडलं. सबंध रस्ता मी वाट पाहत होते की हा विचारेल, पडलं की पाडलं. तेवढं विचारलं असतं तरी मला चाललं असतं. आज आठ दिवस झाले, फोन नाही.

आता तुझं पत्र, ते इंझोरीहून फिरून इथे पोचलं. पंचवीस तारखेला मी झोपले नव्हते. डोळे मिटून पडले होते, कारण उघडले की पाणी यायचं. तू आलीस ते मला तुझ्या बांगड्यांवरून कळलं. तू माझ्या कपाळावर हात ठेवलास आणि मला वाटलं, आता बोलावं, आता उठून तुझ्या गळ्यात पडावं. तेवढ्यात कागद वाजले. आणि मग तुझा हात निघाला. तो का निघाला हे मला तुझं पत्र आल्यावर समजलं.

सांगते काय झालं ते. डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवलं आणि पडद्याकडे वाकून पाहिलं. मला वाटलं मशीन बिघडलं. त्यांनी पुन्हा पाहिलं, दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं. मग माझा हात धरून म्हणाल्या की बाळाची वाढ सातव्या आठवड्याच्या सुमाराला थांबली आहे, ठोके नाहीत. दोन आठवडे ते माझ्या पोटात तसंच होतं आणि मी उलट्या थांबल्या म्हणून खूश होते. शरीराला ते कळलंच नव्हतं. त्याला त्यांच्या भाषेत मिस्ड म्हणतात. आपोआप बाहेर पडण्याची वाट बघायची, गोळ्या घ्यायच्या, की पिशवी साफ करायची असं त्यांनी विचारलं. मी गोळ्या म्हटलं. पाडायला देतात त्याच गोळ्या जे आधीच थांबलंय ते बाहेर काढायलाही देतात. अनुप तेव्हा बाहेर बाकावर होता, ठोके नाहीत आणि केव्हा थांबले एवढंच त्याला नंतर कळलं, कशानं ते नाही. मी सांगायला लागले तोवर सासूबाईंचं ठरून गेलं होतं.

तो शब्द मलाही खटकला होता. मी विचारलं की मी तर काही केलं नाही, मग असं का लिहिलं. त्या म्हणाल्या की डॉक्टरांच्या कागदात पडलेल्यालाही तोच शब्द आणि पाडलेल्यालाही तोच. त्यांच्यात काना नसतो, ताई. आपल्यात असतो. पडलं आणि पाडलं. तू बाजारात एक काना जास्त लावलास.

मी त्यांना सगळं विचारलं. पळाले म्हणून झालं का, पपई खाल्ली होती एकदा, पाण्याचा हंडा उचलला होता. त्या म्हणाल्या की यातलं काहीच नाही. शंभर जणींना दिवस गेले तर त्यातल्या दहा-पंधरा जणींचं असं जातं आणि बहुतेक वेळा बीज जुळतानाच काहीतरी चुकलेलं असतं. मी हेही विचारलं की एकदा मनात आलं होतं, आत्ताच नको, त्यानं झालं का. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की मनातलं तिथपर्यंत पोचत नाही. नजरेचंही विचारलं, कारण सासूबाई त्या दिवशीच दवाखान्यात कुजबुजत होत्या की मोठ्या बहिनीची लागली असंन. मी त्यांना तिथंच सांगितलं होतं की माझ्या ताईचं नाव घ्यायचं नाही. आणि तू बाजारात जाऊन माझं घेतलंस.

बोलता बोलता तुझं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एकदा गेलं तर सहसा शोधत बसत नाही, पण ज्यांचं दोनदा-तीनदा जातं त्यांच्या तपासण्या करायलाच हव्यात, थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याचं, आणि नवऱ्याचंही रक्त. सगळ्यांचं कारण सापडतंच असं नाही, पण सापडलं तर पुष्कळदा औषध असतं. जुने कागद घेऊन या म्हणाल्या. तेव्हा मी मनात म्हटलं की माझं गेलं ते गेलं, ताईसाठी एक वाट तर कळली. तुला सांगायला मी तुझ्या येण्याची वाट बघत होते. तुझं पत्र आधी आलं.

माझं एकच मागणं आहे. तुझ्या पेटीत शालूच्या खाली तुझी फाईल आहे. ती उघड आणि तुझ्या कार्डावर काय लिहिलंय ते अक्षर लावून वाच. मग मला सांग, तू काय पाडलं होतंस.

महालक्ष्म्या एकतीसला बसतात. इथे आई मला रोज तूप-भात खाऊ घालते आणि काही विचारत नाही. आशीर्वाद असू द्या म्हणायची सवय आहे म्हणून लिहिते.

वैभवी


पोस्टकार्ड
मानोरा, दि. १४ ऑगस्ट २०२५

वैभवीस,
पत्र पोचलं. माझ्या फायलीशी तुला काय करायचं आहे? माझं मला ठाऊक. मोठ्या बहिणीला शिकवण्याइतकी तू मोठी झालेली नाहीस. इकडे पाऊस बरा आहे, सोयाबीनला शेंगा धरल्या. आईला सांग, लोणच्याची बरणी पोचली.
सपना


किन्हीराजा
दि. १९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सपनास,
इंद्रभानचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही उभयता सुखरूप आहोत. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, पण त्यांना सांगणारे कोण.

मी नोकरीत असताना कोणाचं पत्र उघडून वाचलं नाही. तुम्हा दोघींचीही कधी वाचली नाहीत. परंतु पोस्टकार्ड हे उघडेच असते, आणि ते मीच पोस्टमनच्या हातून घेतले, त्यामुळे तुझं कार्ड माझ्याकडून वाचलं गेलं. यात माझा दोष नाही. दोष पोस्टकार्ड लिहिणाऱ्याचा. मनातलं बंद पाकिटात लिहावं असं मी शिकवलं होतं. तुझ्या कार्डात मनातलं काही नव्हतं, म्हणून मला काळजी वाटली.

काय घडलं ते तुझ्या आईनं मला अर्धं सांगितलं आणि अर्धं मी ओळखलं. बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही. एवढंच लिहितो की वैभवीचे पळायचे बूट ओट्यावर आठ दिवसांपासून वाळत आहेत आणि ती ते आत घेत नाही. फोन वाजला की तीच आधी उठते. फोन दुसऱ्याचा असतो.

माझ्या नोकरीत एकदा माझ्या हातून चुकीच्या घरी तार दिली गेली. त्या घरात रडारड झाली. पोस्टमास्तर म्हणाले की शिपाई पाठवतो. मी म्हटलं की नाही, ज्यानं दिली त्यानंच परत आणायला जावं. मी गेलो, शिव्या खाल्ल्या आणि आणली. तुला यापेक्षा जास्त लिहिणं मला येत नाही.

जावई विकासरावांना नमस्कार. तुझ्यावरचा आमचा लोभ दोघींत वाटलेला नाही, पुरा आहे, हे ध्यानात ठेवावे.

तुझे बाबा


मानोरा
दि. २९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वैभवीस,
ताईचे अ. उ. आ., मागच्या दोन वेळचे राहिलेले धरून.

अनुप उद्या सकाळी तुला न्यायला येतो आहे, हे पाकीटही वाटेत माझ्याकडून घेऊन त्याच्याच हाती येईल. त्यानं फोन केला असेल, केला नसेल तर करायला लावते. आता बाकीचं ऐक, आणि मध्ये रडू नकोस, अक्षर पुसतं.

बाबांचं पत्र आल्यावर दोन दिवस मी पेटीकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी सासूबाई कीर्तनाला गेल्या तेव्हा उघडली. शालूखाली फाईल. आठ वर्षांत मी ती कधी वाचली नव्हती. हेच ठेवायचे, हेच काढायचे. मला काय वाचायचं होतं त्यात? गेलेलं कागदावर वाचून परत येतं का?

तीन कार्डं आहेत, वैभवी. दोन तुला माहीत आहेत. तिसरं गेल्या दिवाळीचं. मी किन्हीराजाला आले होते आणि ताप आहे म्हणून चार दिवस आतल्या खोलीत पडून होते, आठवतं? ताप नव्हता. तिसरंही गेलं होतं. यांच्याशिवाय कोणाला सांगितलं नाही, सासूबाईंनाही नाही, आईलाही नाही. तुझी लग्नानंतरची पहिली दिवाळी होती आणि तू घरभर पैंजण वाजवत फिरत होतीस. मला वाटलं, हिच्या सणात माझं कशाला.

आणि मी तुला म्हणते की तू माझ्यापासून लपवलंस.

पहिल्या कार्डावर इनकम्प्लीट अबॉर्शन. दुसऱ्यावर मिस्ड अबॉर्शन, अक्षरशः तुझाच शब्द. तिसऱ्यावर थ्रेटन्ड अबॉर्शन, म्हणजे तेव्हा अजून गेलं नव्हतं, जायच्या बेतात होतं. यांना विचारलं तर म्हणाले की हो, डॉक्टर तसंच लिहितात, मला वाटलं तुला माहीत असेल. मी जमिनीवर बसून राहिले. तीनदा तो शब्द माझ्या नावापुढे लिहिला आहे आणि मी एकदाही काही केलेलं नाही.

आता खरं सांगते. दवाखान्यात तुझ्या कार्डावर तो शब्द दिसला तेव्हा मला राग नंतर आला. आधी बरं वाटलं. तू लिहिलंस ना, सातव्या आठवड्याच्या सुमाराला थांबलं. ते अनुपनं मला आदल्या रात्रीच फोनवर सांगितलं होतं. गाडीत बसून मी बोटांवर मोजलं. मी बाजारातून येऊन तुला ते पहिलं पत्र लिहिलं, भाकरी न खाता जळत बसले, तोच आठवडा. मानोऱ्यापासून वाशीमपर्यंत मी एकच गोष्ट मनात घोकत होते की माझ्या जळण्यानं गेलं. लिलाबाईंनी चिंच झाकली ते बरोबरच होतं. आणि मग कार्डावर तो शब्द दिसला. तू पाडलं असशील तर मी मारलं नाही. म्हणून मी तो शब्द घट्ट धरला, बाजारातही तोच फेकला. तुझ्या पत्रात डॉक्टरीणबाईंचं वाक्य आहे, मनातलं तिथपर्यंत पोचत नाही. ते मी इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटला.

काल यांना सोबत घेऊन इंझोरीला गेले. लिलाबाई ओट्यावर लक्ष्म्यांची तयारी करत होत्या, मुखवटे पुसायला काढले होते. बस म्हणाल्या नाहीत. मी बसले. फाईल काढून तिन्ही कार्डं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि अनुपला म्हटलं की भाऊ, वाच. नाव वाच आणि पुढचा शब्द वाच. त्यानं वाचलं. तीनदा माझं नाव, तीनदा तोच शब्द. लिलाबाईंचे हात थांबले. त्यांनी विचारलं की म्हंजे तुनंबी तीन डाव पाडलं का वं. मी म्हटलं की मामी, आठ वर्षांपासून ज्या बाईपासून तुम्ही चिंच झाकता तिला विचारा, ती पाडेल का. माझी पडली. तसंच वैभवीचंही पडलं. इंग्रजीत काना नाही, मी माझ्या पदरचा लावला. मी जळत होते म्हणून लावला. चार बायकांत बोलले होते, त्या चौघी जिथे भेटतील तिथे हे कार्ड दाखवून परत घेईन.

अनुप दाराला टेकून रडला. मोठ्यानं. त्याला मी विचारलं की तुझ्या बायकोला एकदा तरी विचारलंस का रे. तो म्हणाला की ताई, मले भेव वाटे, तिनं हो म्हटलं असतं त म्या का केलं असतं. लिलाबाईंनी फडकं खाली ठेवलं. मग एक मुखवटा हातात घेऊन म्हणाल्या की अनुपच्या आधी माहीबी दोन गेली, तवा कार्डं नव्हती, सासूनं म्हटलं तेच खरं होतं. आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला. जाताना ओटीत खण आणि नारळ घातला. त्यात एक चिंचेचा गोळाही होता, ते मी घरी आल्यावर पाहिलं.

गावाला तिसरं कळलं आहे, म्हणजे माझ्या सासूबाईंनाही कळलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील, मिठाचा डबा कुठे आहे ते मलाच माहीत आहे. पाच तारखेला हे आणि मी तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहोत, फाईल घेऊन. पाला वाटून पिणं बंद केलं.

माफी मागायला हवी, पण ती पत्रात मागून भागणार नाही. महालक्ष्म्या उठल्या की येते, तेव्हा तुझे केस विंचरून देईन.

एकच अट आहे. पुढच्या वेळी, आणि ती यावी असं मी मनापासून म्हणते आहे, तीन महिने थांबायचं नाही. मला पहिल्या दिवशी सांगायचं. मी जळणार नाही असं वचन देत नाही, ते माझ्या हातात नाही. पण मला जळायचं असेल तर घरच्या बातमीवर जळू दे. लोभ होता, आहे, आणि आता गोड होईपर्यंत पदरात ठेव.

तुझी,
सपनाताई


इंझोरी
दि. ९ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. ताईस,
वैभवीचा सा. न. वि. वि.

तुझी थायरॉइडची गोळी सुरू आहे ना? उपाशीपोटी घ्यायची, चहाच्या आधी. आपली आपण घेतेस की तिथेही भाऊजींकडून तुला आयतं मिळतं? डॉक्टरीणबाईंनी दुसरी तपासणी मार्चमध्ये सांगितली आहे, ती चुकवू नकोस, मी विचारणार आहे.

आज सकाळी घरच्या तपासणीत दोन रेघा आल्या. फार लवकर आहे. काहीही होऊ शकतं, हे आता आपल्या दोघींइतकं कोणाला ठाऊक असणार. डॉक्टरीणबाईंनी मागेच सांगून ठेवलं आहे की रक्त दिसलं, एका बाजूला पोट जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर वाट बघत बसायचं नाही, सरळ यायचं. तेव्हा मी शहाण्यासारखी वागेन. यंदाची भरती पुन्हा हुकणार, पण या वेळी मनात आलेलं सगळं येऊ देते, त्यानं काही बिघडत नाही.

अनुप शेतात गेला आहे. सासूबाई उन्हात तूर निवडतायत. दोघांनाही अजून काही माहीत नाही. हे पाकीट मी आत्ता स्वतः पोस्टात टाकते आहे. इंझोरीहून मानोऱ्याला पोचायला याला तीन दिवस लागतात, बाबांना विचारून घेतलं, कशासाठी ते सांगितलं नाही. ते तीन दिवस मी घरात तोंड उघडणार नाही. आधी तुला कळेल, मग त्यांना.

तेव्हा तू सावकाश जळून घे. झालं की फोन कर, मग मी अनुपला सांगते.

तुझी,
वैभू